भोंगा झाला की रावस तव्यावर

मासे साफ केले की दोन दिवसांनीसुद्धा एखादा खवला कोपराला चिकटलेला सापडतो. हात धुतलेले असतात, आंघोळी झालेल्या असतात, तरी तो कुठून तरी निघतोच. आमच्या कंपनीतल्या मंडळींचे किस्से तसे आहेत. कंपनी बंद झाली, पत्र्याचं कॅन्टीन गेलं, क्वार्टर्सच्या जागी टॉवर आले. तरी आम्ही चौघं भेटलो की कुणाच्या ना कुणाच्या कोपरावरून एक किस्सा निघतोच!

आज सांगतोय ते सगळे खवले एकाच माशाचे आहेत. मासा रावस, आणि खाणारे मोहिते.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. अंबरनाथच्या औद्योगिक वसाहतीत आमची कंपनी औषधांची पावडर बनवायची, आणि मागच्या बाजूला आमच्या क्वार्टर्स होत्या. मोहिते मेंटेनन्सला फिटर, आमच्यात वयानं मोठे. गायकवाड बॉयलरवर, राहायला बुवापाड्यात. लच्छू माझ्याबरोबर स्टोअरमध्ये. तो सिंधी, उल्हासनगरहून यायचा, आणि जगातली कुठलीही वस्तू काढा, ती विकणारा एक मामा किंवा चाचा त्याच्याकडे तयार असायचा. मी सावंत, स्टोअरकीपर. मोहित्यांची आणि आमची भिंत एक.

कॅन्टीनमध्ये मासे असले की मोहिते ताट बघायचे आणि बाजूला सरकवायचे. "हे शिजवलंय," म्हणायचे. "मासा आमच्याकडे होतो."

त्यांच्याकडे म्हणजे कुसुमवहिनींकडे. रावसाच्या तुकड्या, हळद-तिखट-मीठ, कोकमाचं आगळ, वरून तांदळाचं पीठ, आणि बिडाचा तवा. बस. पहिली पाळी सुटली की मोहिते सायकलवरून घरी यायचे, पाय धुवायचे, पाटावर बसायचे, आणि तव्यावरून उतरलेली तुकडी तेवढ्यात ताटात पडायची. वर्षानुवर्षं कधी गार नाही, कधी थांबावं लागलं नाही. याचं श्रेय मोहिते स्वतःच्या नशिबाला द्यायचे.

मग वहिनी गेल्या. आजारपण म्हणावं इतकाही वेळ मिळाला नाही. त्याबद्दल जास्त लिहायला बसलो तर मला अजून जड जातं, म्हणून पुढे सरकतो.

*

दिवसकार्य झाल्यावर एके सकाळी मोहिते आमच्या दारात. हातात पान्यांची पिशवी.

"सावंत, आमच्या गॅसची लाइन तुंबलीय. जरा बॅटरी दे, उघडून बघतो."

माझी बायको निर्मला लगेच उठली. गॅसची लाइन हा माणूस खरंच उघडेल, याबद्दल तिला शंका नव्हती. ती त्यांच्या स्वयंपाकघरात गेली, वाकली, सिलिंडरवरचं बटण फिरवलं आणि काडी ओढली. निळी ज्योत आली.

कंपनीतला प्रत्येक व्हॉल्व्ह या माणसाला डोळे मिटून सापडायचा. स्वतःच्या घरातला एकुलता एक व्हॉल्व्ह त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा पाहिला होता. 

"इतकी वर्षं इथेच होता?" त्यांनी विचारलं.

*

सायकलचंही तसंच झालं. वहिनी गेल्यापासून मोहिते कंपनीत चालत येऊ लागले. विचारलं तर म्हणायचे, पंक्चर आहे. पावसाळा गेला, दिवाळी गेली, पंक्चर काही निघेना. फिटरची सायकल! आम्हाला तर चिडवायला विषयच मिळाला. गायकवाड म्हणायचा, साहेबाच्या गाडीचं चाक काढतात, ह्यांना सायकलची ट्यूब निघत नाय.

एकदा मी त्यांच्याकडे गेलो असताना सहज चाक दाबून बघितलं. बाहेरच्या खोलीत भिंतीला टेकवलेली होती सायकल, पुसून लख्ख केलेली. दोन्ही चाकांत हवा टम्म होती. 

*

आता मुख्य भानगड. मोहित्यांची एकुलती एक मुलगी वंदना संगमनेरकडे दिलेली. तिला दिवस गेले. पहिलं बाळंतपण माहेरी, ही आपली रीत. पण तिच्या सासूबाईंनी, म्हणजे मोहित्यांच्या विहीणबाईंनी, जावयाबरोबर निरोप धाडला की घरात बाईमाणूस नाही, पोरीच्या खाण्यापिण्याचं कोण बघणार, तेव्हा बाळंतपण आम्ही इकडेच करू.

बोलणं काही चुकीचं नव्हतं. मोहित्यांनी मान डोलावलीसुद्धा. पण निघताना जावई चपला घालताना हळूच म्हणाला की ती रात्रंदिवस माहेरचं नाव घेतेय, आणि डोहाळे लागलेत ते रावसाच्या तुकडीचे, आईसारख्या. आता संगमनेरला समुद्र कुठून आणायचा?

मोहिते दुसऱ्या दिवशी कॅन्टीनमध्ये जेवले नाहीत. मग उलट निरोप गेला: पोरगी माझ्याकडेच येणार, मी करून घालीन.

त्यावर विहीणबाईंचं उत्तर आलं. बाई सरळ होती. "मी स्वतः तिला घेऊन येते. एक वेळ तुमच्या हातचं जेवते. पटलं तर ठेवून जाईन, नाहीतर तशीच परत घेऊन जाईन."

गॅसचं बटण नुकतंच सापडलेल्या माणसाची परीक्षा लागली, आणि ती रावसाची!

*

पहिली पायरी बाजार. आमच्याकडे हिराबाई नावाची कोळीण बसायची, वहिनींची नेहमीची. मोहिते तिच्यापुढे उकिडवे बसले, रावस पसंत केला आणि खिशातून व्हर्नियर कॅलिपर काढला. जाडी मोजायचं ते यंत्र. त्यांचं म्हणणं एकच, सगळ्या तुकड्या एका जाडीच्या हव्यात, म्हणजे एकाच वेळी शिजतील.

हिराबाईनं दोन तुकड्या कापल्या. मोहित्यांनी त्या मोजल्या आणि एक परत केली. तिसरी मोजली, तीही परत केली. मागे गिऱ्हाइकं खोळंबली. शेवटी तिनं कोयता खाली ठेवला.

"दादा, मासली हाय ती, पायप नाय. शेपटाला जाडी मी कुठना आणू?"

मोहित्यांना ते पटलं. पण घरी आल्यावर त्यांनी तुकड्या जाडीप्रमाणे रांगेत लावल्याच.

*

सुटीच्या दिवशी पहिली ट्रायल. आम्ही तिघं मदतीला, आणि खरी चूक तिथेच झाली. निर्मला बहिणीकडे बेलवलीला गेली होती, त्यामुळे अडवणारं कुणी नव्हतं.

मी मालवणकडचा. मी म्हटलं, वरून रवा पाहिजे, त्याशिवाय कुरकुरीत होत नाही. मोहित्यांनी रवा लावला. गायकवाडनं आईनं कुटलेला मसाला पुडीत बांधून आणला होता, आणि लसूण ठेचून आणली होती. ती लागली. लच्छूनं सांगितलं, "साईं, हमारे में आलं, कोथिंबीर, मेथी... उसके बिना मच्छी अधुरी है." तेही लागलं. हे सगळं टिकेना म्हणून बेसन. बेसन ओलं झालं म्हणून परत रवा.

मोहित्यांनी कुणालाच नाही म्हटलं नाही. तुकड्या फुगत गेल्या. तव्यावर टाकल्या तेव्हा आत रावस आहे की बटाटा, हे सांगणं अवघड होतं. वरचं कवच काळं झालं आणि आतला मासा गार राहिला.

क्वार्टर्समध्ये चिंगी नावाची एक मांजरी होती. कुसुमवहिनी मासे साफ करायला बसल्या की ती उंबऱ्यावर हजर. एक तुकडी तिच्यापुढे ठेवली. तिनं वास घेतला, आमच्या चौघांकडे एकेक करून बघितलं आणि उठून आमच्या दाराकडे गेली.

"घरमें कुसुमभाभी नहीं है, उसको मालूम पड गया," लच्छू म्हणाला.

*

दोष तव्याचा आहे, असं मग लच्छूच्या मनानं घेतलं. बिडाचा तवा जुन्या जमान्याचा झाला, आता नॉन-स्टिक आलाय, आणि त्याच्या मामाकडे फॉरेनचा माल उतरलाय. उल्हासनगरचा फॉरेनचा माल कुठल्या गल्लीत बनतो हे आम्हाला माहीत होतं. पण लच्छूच्या तोंडावर कोण बोलणार? तो स्वतःहून घेऊन आला होता, प्रेमानं.

तवा दिसायला देखणा होता, काळाभोर, तळ आरशासारखा. मोहित्यांनी तुकड्या टाकल्या, उलथनं घातलं, आणि काय सांगू, तुकडी अलगद सुटली. आम्ही टाळ्या वाजवल्या. मग मोहित्यांनी ती उलटी केली. तव्याचा काळा मुलामा तुकडीवर गेला होता आणि तव्यात पांढरं ॲल्युमिनियम चमकत होतं.

लच्छूनं तवा उचलून उजेडाकडे धरला.

"तुकडी तव्याला नाय चिकटणार, एवढीच गॅरंटी होती," तो म्हणाला. "तवा तुकडीला चिकटणार नाय, असं मामा कुठे बोलला?"

*

आमचे प्रॉडक्शनचे साहेब नुकतेच कंपनीच्या कामानं परदेशी जाऊन आले होते. रावसाचं प्रकरण त्यांच्या कानावर गेलं. प्लॅन्टवरच्या राउंडमध्ये ते मोहित्यांपाशी थांबले आणि म्हणाले की तिकडे सॅमन म्हणून मासा असतो, आपल्या रावसाचाच चुलत भाऊ समजा, आणि तिकडचे लोक एकच नियम पाळतात. "तव्यावर ठेवला की हात लावायचा नाही, मोहिते. अजिबात नाही."

साहेबांचा सल्ला खरं तर बरोबर होता. आम्ही सारखं उलथनं घालून तुकड्या मोडत होतो. पण मोहिते मेंटेनन्सचे. मेंटेनन्समध्ये 'हात लावायचा नाही' याचा अर्थ लेखी परवानगी येईपर्यंत हात लावायचा नाही.

संध्याकाळी आम्ही तिघं आमच्याकडे चहाला बसलो होतो, तेवढ्यात भिंतीपलीकडून जळका वास आला. निर्मला धावली. मोहिते हाताची घडी घालून तव्यापुढे उभे, तव्यातून धूर, तुकड्यांचा कोळसा. हिनं गॅस बंद केला आणि विचारलं, भाऊजी, उलटल्या का नाहीत?

"साहेबांनी पुढचं काही सांगितलं नव्हतं," मोहिते म्हणाले.

*

त्याच संध्याकाळी निर्मलाची सहनशक्ती संपली. आम्हा चौघांना तिनं ओट्यापुढे उभं केलं आणि विचारलं की कुसुमताई काय करायच्या, हे तुमच्यापैकी एकानं तरी कधी बघितलंय का?  खाल्लं सगळ्यांनी होतं.

मग तिनं सांगितलं. मसाल्यात काही गुपित नव्हतं. सगळी खुबी वेळेत होती, आणि वहिनी घड्याळाकडे कधी बघायच्या नाहीत. पहिल्या पाळीच्या सुटीचा भोंगा झाला की तुकड्या तव्यावर. मग हात लावायचा नाही, दुसरी कामं करायची. मोहिते गेटमधून निघाले, कोपऱ्यावरच्या पानवाल्यापाशी पोचले, की त्याला रामराम म्हणून सायकलची घंटी वाजवायचे. ती घंटी ऐकली की तुकड्या उलटायच्या. मोहिते सायकल लावून, पाय धुऊन पाटावर बसले की उतरवायच्या.

"ताईंची ही घंटी एकदासुद्धा चुकली नाही," निर्मला म्हणाली. "मी माझी पोळीसुद्धा तिच्यावर उलटायचे."

मोहिते खाली बसले. उलथनं हातातच होतं.

"मी त्या पानवाल्याला वाजवायचो," ते म्हणाले.

त्या संध्याकाळी आम्ही कुणीही त्यांची थट्टा केली नाही.

*

आता रीत कळली होती, पण अडचण वेगळीच होती. भोंगा वाजायचा तेव्हा मोहिते भोंग्याखाली! म्हणून त्यांनी रात्रपाळी मागून घेतली, म्हणजे दुपारी घरी राहता येईल. घंटीसाठी माझी नेमणूक झाली. पाळी सुटली की मी माझ्या सायकलवरून निघायचं आणि पानवाल्यापाशी घंटी वाजवायची. मनगटावरचं घड्याळ लावून बघा, असं मी सुचवलं होतं. त्यांनी बघितलंही. पण हा माणूस काट्याकडे बघत बसायचा आणि तव्याकडे बघायचं विसरायचा.

पहिल्या दिवशी भोंगा झाला, तुकड्या तव्यावर गेल्या. मी निघालोही वेळेवर. पण पानवाल्यानं मला कधी नव्हे ते थांबवलं आणि मॅचचा स्कोअर सांगायला सुरुवात केली. घंटी राहिली. तुकड्या जळल्या.

दुसऱ्या दिवशी मी शब्द पाळला. पण माझ्याआधी गल्लीत पाववाला शिरला, त्याची घंटी झाली. मोहित्यांनी तुकड्या उलटल्या. मागून कुल्फीवाला आला. परत उलटल्या. मग पोस्टमन. पोस्टमनची घंटी तर दोनदा वाजते. मी पानवाल्यापाशी माझी घंटी वाजवून ऐटीत घरी पोचलो तेव्हा ताटात रावसाची भुर्जी होती.

मोहिते मात्र खूश होते. "चव आली," म्हणाले. "आकार गेला, पण चव आली. चाखून बघ."

चाखली. खरंच आली होती. निर्मलानं पदरानं डोळे टिपले आणि तिखट जास्त झालंय, असं सांगितलं.

हळूहळू त्यांना माझी घंटी ओळखता येऊ लागली. भोंगा, घंटी, पाट. विहीणबाई शनिवारी येणार होत्या आणि मोहित्यांचा हात बसला होता. गुरुवारी त्यांनी मला आणि निर्मलाला पाटावर बसवून वाढलं. चिंगी उंबऱ्यावर येऊन बसली. यापेक्षा मोठं सर्टिफिकेट आम्हाला नको होतं.

*

विहीणबाई शुक्रवारी आल्या.

बाहेरच्या माणसाला यात काही वाटणार नाही. पण आमच्याकडे कंपन्यांची साप्ताहिक सुटी शुक्रवारी. कंपनी बंद, वसाहतीतली वीज बंद, आणि अर्थातच भोंगा बंद. बाई हुशार! एक दिवस आधी आल्या की घरात काय चालतं ते खरं कळतं, असं त्यांनी नंतर निर्मलाला सांगितलं.

त्या दारात उभ्या, मागे वंदना, पोट पुढे आलेलं, चेहरा उतरलेला. वंदनाच्या कपड्यांची पिशवी विहीणबाईंनी खाली ठेवलीसुद्धा नाही, मांडीवर घेऊन बसल्या. परतीच्या एसटीची वेळ त्यांनी आल्या आल्या विचारून घेतली. जांभूळच्या जलकेंद्रातून येणारं नळाचं पाणीही त्या दिवशी उशिरा आलं होतं, त्यामुळे मोहित्यांची तिथूनच धावपळ.

मोहिते बाजारात पळाले. हिराबाईकडे एकच रावस उरला होता, तोही दुसऱ्या गिऱ्हाइकाचा, कापडाखाली ठेवलेला. वंदना आलीय म्हटल्यावर तिनं कापड काढलं. "आज मोजाचं नाय हां," तिनं आधीच बजावलं. मोहित्यांनी मोजलं नाही.

तुकड्या मुरल्या, तवा तापला. आणि मोहिते मागच्या दारानं माझ्याकडे आले. 

"सावंत, भोंगा नाही. मला कळेना कधी टाकायच्या. हात उचलत नाहीये."

मी म्हटलं, अहो, टाका आता, काय होतं? पण ते दारातून हलेनात. मी सायकल काढली आणि कंपनीच्या मागच्या गेटवर गेलो. सुटी असली तरी बॉयलर मंद ठेवलेला असायचा, आणि त्या दिवशी ड्यूटी गायकवाडची होती. आमचा भोंगा वाफेवरचा. त्याला विजेचं काम नव्हतं.

गायकवाडनं सगळं ऐकून घेतलं. वर भोंग्याच्या साखळीकडे बघितलं.

"नोकरी जाईल?" त्यानं विचारलं.

"मेमो येईल."

"एक आहे आधीचा. एकटाच पडलाय फाईलमध्ये, त्याला जोडी होईल." मग बाह्या सारत म्हणाला, "माझी आई दवाखान्यात होती, तेव्हा वहिनीनं रोज डबा पोचवलाय सावंत. तू निघ, कोपऱ्यावर थांब."

आणि त्यानं साखळी ओढली.

आमच्या आयुष्यात शुक्रवारी पहिल्यांदा भोंगा झाला. तोही आखडता नाही, चांगला लांबलचक! माणसं दुपारच्या झोपेतून उठली आणि शर्टाची बटणं लावत गेटकडे धावली. कुणाला वाटलं आग लागली, कुणाला वाटलं आज शनिवारच. पानवाल्यानं दुकान उघडलं. चहावाल्यानं किटली चढवली. आमच्या ओळीतल्या निम्म्या बायकांनी सवयीनं तवा गॅसवर ठेवला आणि मग विचार केला की का ठेवला.

शनिवारी साहेबांनी गायकवाडला केबिनमध्ये बोलावून विचारलं, सुटीच्या दिवशी भोंगा कशासाठी?

"चेक केला साहेब," गायकवाड म्हणाला. "वाजतो."

*

पण ते शनिवारी. शुक्रवारी भोंगा झाला तेव्हा मोहित्यांनी तुकड्या तव्यावर सोडल्या, आणि पुढचं काम माझं होतं.

मी कोपऱ्यावर पोचलोच नाही. भोंग्यानं सगळी वसाहत रस्त्यावर आणली होती, आणि गेटकडून सायकलवर येणारा मी एकटाच. लोकांनी मला घेरलं. काय झालं, आग कुठे लागली, बॉयलर फुटला का, कोण गेलं? एकानं हँडल धरलं, दुसऱ्यानं कॅरिअर. मला घंटीपर्यंत अंगठा नेता येईना. काही नाही हो, सोडा, घाई आहे, असं मी ओरडत होतो, आणि ते ऐकून लोक जास्तच घाबरत होते.

घरात काय चाललं होतं ते निर्मलानं नंतर सांगितलं. तुकड्या तव्यावर चुरचुरत होत्या. मोहिते उलथनं घेऊन खिडकीकडे तोंड करून उभे. विहीणबाई पिशवी कडेला धरून स्वयंपाकघराच्या दारात आल्या होत्या. वास बदलायला लागला. निर्मलाला राहवेना. ती म्हणाली, भाऊजी, उलटा आता. मोहित्यांनी ऐकलं की नाही, कळलं नाही. ते खिडकीबाहेर बघत होते.

"व्याही, करपतंय," विहीणबाई म्हणाल्या.

मोहिते हलले नाहीत.

बाहेरच्या खोलीत वंदना पलंगावर बसली होती. ती कमरेवर हात ठेवून सावकाश उठली. भिंतीला टेकवलेल्या सायकलपाशी गेली. आणि तिनं घंटी वाजवली.

मी तिकडे कोपऱ्याच्या अलीकडे, गर्दीत अडकलेलो. तिथपर्यंत ऐकू आली. माझी घंटी नव्हती ती. इतक्या महिन्यांनी ती घंटी ऐकून पानवाल्यानं मान वर केली, आणि त्याचा हात आपोआप कपाळाशी गेला. आमच्या ओळीत कुठे कुठे पोळ्या उलटल्या गेल्या असणार.

मोहित्यांनी तुकड्या उलटल्या. एकेक करून, न मोडता. खालची बाजू खरपूस तांबूस झाली होती, एका कडेला किंचित जास्त. त्यांचे डोळे वाहत होते आणि ते पुसायला हात मोकळा नव्हता.

मी धापा टाकत पोचलो तेव्हा वंदना पाटावर बसून जेवत होती.  तिनं एक तुकडी संपवली, दुसरी घेतली. उंबऱ्यावर चिंगी बसली होती. विहीणबाईंच्या ताटात नुसते काटे राहिले होते, नीट एका बाजूला लावलेले. त्यांनी हात धुतले, पदराला पुसले, वंदनाची कपड्यांची पिशवी उचलली आणि आतल्या खोलीत कपाटापाशी नेऊन ठेवली. चपला घालून निघताना त्या सायकलपाशी थांबल्या. सीटवरून एकदा हात फिरवला.

"व्याही," त्या म्हणाल्या, "बाळंतपण होईस्तोवर ही सायकल घरातच ठेवा."